"मला घरी जाऊ द्या"
(शब्बाथशाळेचे शिक्षक व घरोघरी भेटी देणारे सभासद यांच्यासाठी अभ्यासपाठ)

बहुतेक प्रत्येक मंडळीत एखादी आजी अशी असते की जिने वर्षानुवर्षे रविवारची उपासना चुकविली नाही, आणि आता दोन-तीन महिने तिची जागा रिकामी आहे. चौकशी केली तर सूनबाई म्हणतात, "बरं नाही त्यांना," आणि विषय बदलतात. घरी गेल्यावर कळते की आजींना ताप नाही, खोकला नाही. त्या नातवाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारतात. जेवून अर्धा तास झाला नाही तोच "मला कोणी जेवायला घातलं नाही" म्हणतात. आणि दिवेलागणीला पदर सावरून दाराशी उभ्या राहतात : "मला घरी जाऊ द्या." हे त्या स्वतःच्याच घरात उभ्या राहून म्हणतात.

आपल्याकडे याला नावे पुष्कळ आहेत. साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ, दुसरे बालपण. या सर्व नावांत एकच समजूत दडलेली आहे, ती ही की वय झाले म्हणजे असे व्हायचेच. ही समजूत खरी नाही. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. जर्मन डॉक्टर अलोईस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या स्त्रीच्या मेंदूतील बिघाड प्रथम दाखविला, ती फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात १९०१ मध्ये आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीप्रमाणे साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी सुमारे सात जणांना हा आजार आहे. म्हणजे देशभरात अंदाजे ८८ लाख माणसे. संख्या मोठी आहे खरी, पण उरलेल्या त्र्याण्णवांकडेही पाहा. नुसत्या वयाने हा आजार होत असता तर ते कसे सुटले असते?

काही ठिकाणी याला बाहेरची बाधा म्हणतात, किंवा विश्वास कमी पडला असे सुचवितात. अशी वाक्ये आजारी माणसाच्या घरात बोलू नयेत, एवढेच सांगून पुढे जातो.

याविषयी शिकण्यासारखे पुष्कळ काम आपल्या शेजारी, गोव्यात झाले आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील लोकांना अशा वृद्धांचे वर्णन सांगून विचारण्यात आले. लोकांनी वर्णन ओळखले, पण तो आजार आहे असे कोणाला वाटले नाही. 'वय झालं', किंवा 'मुलांनी माया केली नाही, हेळसांड केली, म्हणून झालं', अशी उत्तरे आली. यातून दोन गोष्टी घडतात. एक तर अशा वृद्धांना कोणी डॉक्टरकडे नेत नाही. तेथील डॉक्टरांना असे रुग्ण क्वचितच दिसत, पण घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना ते चांगले ठाऊक होते. दुसरी गोष्ट अधिक वाईट. जी सून रात्र रात्र जागते, तिच्याच माथी गाव दोष मारते. सूनबाई विषय का बदलतात, हे आता आपल्या ध्यानी येईल.

पुढे गोव्यातच ८१ कुटुंबे घेऊन एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २००८ साली छापून आला. त्यात तज्ज्ञ डॉक्टर होते, पण घरी जाणाऱ्या कार्यकर्त्या साध्या होत्या. बारावीपर्यंतचे शिक्षण, स्थानिक भाषा आणि मनापासून इच्छा एवढे पाहून त्यांना निवडले व आठवडाभराचे शिक्षण दिले. त्या निदान पंधरवड्यातून एकदा, असे सहा महिने, घरी जात. आजार म्हणजे काय हे घरच्यांना समजावून सांगत. अंघोळ, जेवण, शौच यांसाठी युक्त्या सुचवीत. वागणे फार बिघडले तर डॉक्टरांकडे पाठवीत. सरकारी योजनांची माहिती देत. एका घराची दुसऱ्या तशाच घराशी ओळख करून देत. सहा महिन्यांनी काय झाले? आजार हटला नाही. वृद्धांच्या वागण्यातही मोठा फरक पडल्याचे सिद्ध झाले नाही. फरक पडला तो सांभाळणाऱ्यांत. त्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झाला. मला वाटते, भेटी देणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा निष्कर्ष नीट लक्षात घ्यावा. आपण भेटीला जातो तेव्हा आजींची विचारपूस करतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि चहा घेऊन निघतो. चहा करणारीला कोणी विचारीत नाही.

आता घरात कसे वागावे, याविषयी. येथे मी माझीच चूक सांगतो. माझी मावशी हैदराबादेस चाळीस वर्षे राहिली. हा आजार झाल्यावर ती सारखी विचारी, "तुझे काका अजून कसे आले नाहीत?" मी खरे बोलावे म्हणून सांगितले, "मावशी, काका जाऊन नऊ वर्षे झाली." ती आताच निरोप आल्यासारखी आक्रोश करू लागली. तासाभराने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझे तेच उत्तर. एका दिवसात मी तिला तीनदा विधवा केले.

मग खोटे बोलायचे काय? शिक्षक मंडळी हा प्रश्न विचारणारच, आणि तो विचारलाच पाहिजे. माझे मत असे की, "येतील हो आत्ता" असे म्हणण्याची गरज बहुधा पडत नाही, कारण प्रश्नाच्या मागे जे मन आहे त्याला उत्तर देता येते. "काकांची आठवण येते ना? ते संध्याकाळी येताना काय आणायचे?" असे विचारल्यावर मावशी मिरची भज्यांच्या पुडीविषयी बोलू लागे आणि दहा मिनिटांत शांत होई. यात खोटे काही नाही. "मला घरी जायचंय" याचाही अर्थ पुष्कळदा 'मला येथे सुरक्षित वाटत नाही' असा असतो. संध्याकाळी ही बेचैनी वाढते. अशा वेळी दार अडवून वाद घालण्यापेक्षा दिवे लवकर लावावे, गोंगाट कमी करावा, शेंगा सोलणे किंवा कपड्यांच्या घड्या घालणे असले हाताला सवयीचे काम द्यावे, किंवा हात धरून अंगणातून एक फेरी मारून आणावी.

चोरीचा आळ हे दुसरे दुखणे. बांगडी स्वतःच उशीच्या अभ्र्यात ठेवतात, विसरतात, आणि सुनेने घेतली म्हणतात. सुनेने येथे शपथा घेऊ नयेत. "चला, दोघी मिळून शोधू" म्हणावे. आळ आजाराचा आहे, आजींचा नव्हे. हे सांगायला सोपे आहे, ऐकणारीला फार जड जाते. म्हणून तिच्या नवऱ्याने व नणंदांनी ते आधी समजून घेतले पाहिजे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांची एक निराळी अडचण आहे. या आजारात अनेकांची मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची उरते. मावशी तेलुगू अस्खलित बोलत असे, ती गेली. सांभाळायला ठेवलेल्या बाईला तेवढी एकच भाषा येत होती. मावशी त्या बाईला बोचकारू लागली आणि आम्ही म्हणालो, स्वभाव बिघडला. मंडळीतील एका भगिनीने तेलुगू लिपीत वीस मराठी शब्द लिहून त्या बाईला दिले : पाणी, दुखतंय का, लघवीला जायचं, थांबा, झालं हं. बोचकारणे पुष्कळ कमी झाले. बडोदे, बेळगाव, इंदूर येथे ज्या घरांत नातवंडांना मराठी जेमतेम येते, तेथे आठवड्यातून एकदा जाऊन मराठीत बोलत बसणे हीसुद्धा मोठी सेवा आहे. जुनी गीते गाऊन पाहा. नाव विसरलेली माणसे कडवेच्या कडवे म्हणतात; सुरांची आठवण पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते.

डॉक्टरांकडे मात्र नेलेच पाहिजे, आणि लवकर. थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी, चुकीच्या गोळ्या, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त यांनीही विसर पडतो, आणि यांवर उपाय आहे. एक-दोन दिवसांत एकाएकी भ्रम झाला तर तो बहुधा निराळाच प्रकार असतो. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी दाखवावे. खऱ्या स्मृतिभ्रंशावर मुळापासून बरे करणारे औषध अद्याप नाही. काही औषधांनी लक्षणे काही काळ सावरतात. मावशीला पाहून एक डॉक्टर म्हणाले होते, "या वयात चालायचंच." आम्ही ते ऐकून घरी परतलो आणि दीड वर्ष घालविले. आपण तसे करू नये. दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे. ऐकू कमी येत असेल तर तपासून यंत्र घ्यावे, रक्तदाब व साखर ताब्यात ठेवावी. याने पुढील धोकाही कमी होतो.

शब्बाथशाळेच्या वरच्या वर्गासाठी एक सराव सुचवितो. दोघांना पुढे बोलवा. एकाने आजी व्हावे व "मला घरी जाऊ द्या" एवढेच म्हणावे. दुसऱ्याने पहिल्यांदा आजींची चूक दाखवून द्यावी, दुसऱ्यांदा 'नाही' हा शब्द न वापरता उत्तर द्यावे. मग आजी झालेल्या मुलाला विचारा, त्याला दोन्ही वेळी काय वाटले. मुले हसतील, हसू द्या. ज्यांच्या घरी असे कोणी आहे ती मुले हसणार नाहीत, आणि ती कोण हे शिक्षकाला त्याच वेळी कळेल. त्यांच्याशी वर्ग सुटल्यावर एकट्याने बोलावे.

मोठ्यांच्या वर्गात याचा विचार करा : आपल्या मंडळीत अशी किती घरे आहेत? त्यांपैकी कोणत्या घरातील सून किंवा मुलगी उपासनेला येऊ शकत नाही, आणि रविवारी दोन तास त्या घरी कोण बसेल? पाळीने बसायचे तर चौघे तरी लागतील, आणि आजींना परके वाटू नये म्हणून तेच चौघे पुन्हा पुन्हा जावे लागतील. ज्या घरी रात्रीबेरात्री कोणाशी बोलावेसे वाटते, त्यांना सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ लिहून द्यावा. तेथे मानसिक ताणाविषयी अनेक भारतीय भाषांतून विनामूल्य सल्ला मिळतो. ज्येष्ठांसाठीचा क्रमांक १४५६७ हा आहे. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून मंडळीच्या सूचनाफलकावर लावावेत.