दोन हजेरीपटांचा गिटारवादक

नोकरी किंवा शिक्षण सांभाळून बँडबरोबर रेकॉर्डिंग करणाऱ्या वादकाच्या अंगात कला किती आहे, हा प्रश्न सहसा नंतरचा असतो. आधी अडतो तो रियाजाचा वेळ. कार्यक्रमात चुकलेला स्वर टाळ्यांत वाहून जातो. स्टुडिओत मात्र क्लिक ट्रॅक कानात टकटकत असतो आणि घाईत वाजवलेला ठोका पडद्यावरच्या आलेखात रेघेच्या अलीकडे उभा दिसतो. ज्याला आठवडाभर वाद्याला हात लावायला मिळालेला नाही, त्याचे पितळ इथे लगेच उघडे पडते.

सुरुवातीला हीच कसोटी हवीहवीशी वाटते. प्रस्तुत लेखक पुण्यात सीएची आर्टिकलशिप (फर्ममधली उमेदवारी) करत असताना एका बँडमध्ये गिटार वाजवत असे. सहा दिवस व्हाउचर तपासल्यावर रविवारची तालीम म्हणजे माहेरपण होते. पुढे रेकॉर्डिंग ठरले ते सप्टेंबरात. टॅक्स ऑडिटची मुदत तेव्हा 30 सप्टेंबर असे, हे बँडमध्ये दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते आणि लेखकानेही सांगितले नाही. स्टुडिओ रात्री स्वस्त पडतो म्हणून दहा ते दोनची वेळ घेतलेली. आठ बारच्या एका तुकड्याचे अकरा टेक झाले. बाराव्याच्या आधी ड्रमरने हेडफोन मानेवर ओढला आणि विचारले, “तू इथे आहेस ना?” उत्तर देण्याऐवजी लेखकाने तारा पुन्हा सुरात लावल्या. त्या सुरातच होत्या.

यानंतर भावना पालटते. स्टुडिओ दुसरे ऑफिस वाटू लागतो, फोन वाजला की कपाळाला आठी पडते आणि स्वतःवरचा राग सोबत्यांवर निघतो. लेखकाच्या बाबतीत बँडने अखेर त्याचा भाग दुसऱ्याकडून वाजवून घेतला. पहिल्या दिवशी सुटल्यासारखे वाटले. गाणे बाहेर आले, सुरुवातीला आपलाच रिफ परक्या बोटांतून ऐकू आला, श्रेयनामावलीत मात्र नाव नव्हते, तेव्हा ते सुटणे कडू झाले. दाद मागायला कागद नव्हता. दोष अर्धा लेखकाचाच होता, कारण त्याने ना वेळापत्रक सांगितले, ना हिस्सा लिहून घेतला.

ही ओढाताण नामवंतांनाही चुकलेली नाही. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पीएच.डी. करत होता. बँडने पहिल्या अल्बमचे बरेचसे काम ट्रायडंट स्टुडिओ रिकामा असेल त्या वेळात उरकले, 1973 मध्ये अल्बम आला आणि मेचा प्रबंध बाजूला पडला. पदवी मिळाली 2007 मध्ये. बॉस्टन बँडच्या टॉम शोल्झचा मार्ग निराळा. पोलरॉइड कंपनीत अभियंता असताना त्याने वॉटरटाउनमधल्या घराच्या तळघरात स्टुडिओ उभारला आणि 1976 च्या पहिल्या अल्बमचा मोठा भाग तिथेच ध्वनिमुद्रित केला. घरच्या स्टुडिओत टेक कितीही होऊ शकतात आणि मीटर चालू नसतो. नोकरदार वादकाला हाच मार्ग अधिक परवडतो. आपला भाग घरी ध्वनिमुद्रित करून फाइल पाठवावी, स्टुडिओची वेळ ड्रम आणि गळ्यासाठी ठेवावी.

रेकॉर्डिंगच्या तारखा ठरण्यापूर्वी परीक्षा, ऑडिट, प्रवास यांचे कॅलेंडर बँडपुढे ठेवावे, लाजू नये. आपण सभासद की पाहुणे वादक, हे त्याच बैठकीत ठरावे. पैसा, मत आणि नाव या तिन्हींचा हिशेब त्यावरून बदलतो. चाल कुणाची, वाटा किती, हे ज्या दिवशी रिफ सुचला त्याच दिवशी लिहावे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कागदावर मुदत नसेल तर ती 5 वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणणारा बहुधा गायक असतो.

मध्येच थांबायचे झाले तर मिक्सिंग सुरू होण्याआधी सांगावे, आणि नव्या वादकासाठी आपले ट्रॅक, गाण्याचा बीपीएम, तारांचे ट्यूनिंग आणि कापो कितव्या पडद्यावर आहे, एवढे एका पानावर लिहून द्यावे. आपले नाव कुठे आणि कसे यावे, तेही त्याच पानाच्या तळाशी.