कंपवात: नुसती थरथर मोजू नका



११ एप्रिलला आपण महात्मा फुल्यांची जयंती साजरी करतो. जगभर त्याच दिवशी पार्किन्सन्स दिन असतो. १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिणारे लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांचा तो जन्मदिवस. मराठीत आपण याला कंपवात म्हणतो. लकवा वेगळा. १८८८ मध्ये जोतीरावांची उजवी बाजू गेली ती लकव्याने. लकवा एकाएकी येतो, कंपवात मात्र चोरपावलांनी येतो आणि वर्षानुवर्षं वाढत राहतो.

टोकावड्याच्या एका वस्तीत आम्हाला एक आजोबा भेटले. ऐन पंचविशीत, दिवसभराची मजुरी करून रात्री ते सही शिकले होते. आता अक्षर मुंगीएवढं बारीक झालं, बँकेत सही जुळेना. कुणी म्हणे वय झालं, कुणी म्हणे पितात वाटतं. पुन्हा अंगठा लावावा लागला, हे त्यांना थरथरीपेक्षा जास्त लागलं. अक्षर बारीक होणं हे याच आजाराचं लक्षण आहे, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हालचाल मंदावते, अंग ताठरतं, हात स्वस्थ ठेवला की थरथरतो. काहींना थरथर नसतेच. डॉक्टर याचे पाच टप्पे धरतात: आधी एक बाजू, मग दोन्ही, मग तोल जाऊ लागतो, पुढे रोजच्या कामाला मदत लागते आणि शेवटी खुर्ची किंवा अंथरूण.

पण एकाच टप्प्यावरची दोन माणसं सारखी जगत नाहीत. म्हणून ३९ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात चालण्याबरोबर मन, बोलणं, घरच्यांचा आधार आणि चारचौघांत वाटणारी लाज हेही विचारतात. लाजेचा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. वंदनेला जोडलेले हात थरथरतात, खाली बसलं की उठता येत नाही, आवाज पुटपुटल्यासारखा येतो. मग माणूस विहारात येणंच सोडतो. कागदावर टप्पा दुसराच असतो!

टोकावड्याहून मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर कल्याण-ठाण्याला नाहीतर मुंबईला जावं लागतं. एसटी, मग लोकल, एका माणसाची मजुरी बुडते. तिथे डॉक्टरांना मिळतात काही मिनिटं, आणि नेमकी तेव्हाच गोळी लागू पडलेली असते. म्हणून घरी वही ठेवा. शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडे ते काम द्या. सदऱ्याची बटणं लावायला किती वेळ लागला? रात्री कूस स्वतः बदलली का? महिन्यात किती वेळा पडले? घास-पाणी गिळताना ठसका लागतो का? पोट साफ होतं का? दर महिन्याला एकच ओळ लिहून घ्या, अक्षर किती बारीक झालं ते दिसेल. शेवटी त्यांनाच विचारा, या महिन्यात काय करायचं सोडलं.

लेव्होडोपाची गोळी कितीला दिली आणि तिचा असर कितीला उतरला, हेही टिपा. डोस बदलायला डॉक्टरांना याचाच उपयोग होतो. डाळ, अंडी, मटण यांच्यासोबत घेतली तर ती काहींना कमी लागू पडते. वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोळी संपली म्हणून एकदम बंद करू नका, अंग ताठून तापाने जिवावर बेतू शकतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करवरचं सिनारिझिन यांनी ही लक्षणं वाढतात, कधी निरोग्यालाही होतात. त्यामुळे कुठल्याही दवाखान्यात आधी कंपवात आहे असं सांगा, चालू गोळ्या दाखवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवात आहे. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. तिथे जातानाही ही वही न्या.

आजोबांसाठी आता विहारात दाराजवळ हात असलेली खुर्ची ठेवली आहे. गेल्या पौर्णिमेला ते आले होते.