पांगुळगाडा, वॉकर आणि मुलाचे चालणे

मूल चालू लागते ते केवळ पायांच्या बळावर नव्हे. मान सावरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, धरून उभे राहणे या क्रियांमधून त्याच्या पाठीचे, पोटाचे व कमरेचे स्नायू बळकट होत जातात. त्याच वेळी डोळे, अंतर्कर्ण व तळपाय यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांची सांगड घालून तोल सांभाळण्यास मेंदूही शिकत असतो. हे सारे शिक्षण जमिनीवर होते. ते पुरे होण्याआधीच मुलाला चाकांवर बसविले तर काय होईल, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक पालकाने विचारात घेण्याजोगा आहे.

येथे दोन वस्तूंमधील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. महाराष्ट्रात ज्याला पांगुळगाडा आणि तमिळनाडूत ज्याला नडैवंडी म्हणतात, त्या लाकडी तीनचाकी गाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. दांडी धरून ते गाडा पुढे ढकलते. शरीराचा भार त्याच्याच पायांवर असतो. वॉकर या नावाने बाजारात मिळणाऱ्या वस्तूची रचना निराळी आहे. चाके लावलेल्या चौकटीच्या मध्यभागी एक बैठक आणि तिच्याभोवती रुंद तबक असते. त्यात मूल उभे राहत नाही. बैठकीत बसून पायांच्या बोटांनी जमीन रेटीत सरकते. पुष्कळ घरांत यालाही पांगुळगाडाच म्हणतात, आणि जुन्या गाड्यावरील विश्वास नकळत या नव्या वस्तूलाही लाभतो.

वेग आणि अपघात

वॉकरमधील मूल एका सेकंदात एक मीटरहून अधिक अंतर कापू शकते. मोठे माणूस उठून हात पुढे करीपर्यंत ते जिन्याच्या कडेला पोचलेले असते. अमेरिकेत 1990 ते 2014 या 25 वर्षांत, 15 महिन्यांहून लहान अशा सुमारे 2 लाख 30 हजार मुलांवर वॉकरच्या अपघातांमुळे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत उपचार करावे लागले. त्यांपैकी दहांतील नऊ मुलांना डोक्याला वा मानेला इजा झाली होती, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश मुले जिन्यावरून कोसळली होती. अशा अपघातांच्या वेळी बहुधा कोणी ना कोणी मुलाजवळ असतेच. म्हणजे लक्ष ठेवणे आवश्यक असले, तरी ते पुरेसे नाही.

आपल्याकडील घरांत उंबरठा, ओटीची पायरी, पाण्याची बादली आणि जमिनीवर ठेवलेली शेगडी यांचीही भर पडते. शिवाय वॉकरमध्ये मुलाचा हात अधिक उंच पोचतो. चहाचा कप किंवा टेबलावरून लोंबणारे कापड त्याच्या टप्प्यात येते. कॅनडाने एप्रिल 2004 मध्ये वॉकरची विक्री, आयात व जाहिरात यांवर बंदी घातली. अमेरिकेने 2010 मध्ये सुरक्षिततेचे नियम सक्तीचे केले. त्यानंतर इजांचे प्रमाण घटले, परंतु अपघात थांबले नाहीत.

चालणे लवकर येते काय?

वॉकरमुळे मूल लवकर चालू लागते, ही समजूत अभ्यासांतून सिद्ध झालेली नाही. आयर्लंडमधील 190 मुलांविषयीचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वॉकरच्या एकूण वापराच्या दर 24 तासांमागे स्वतंत्रपणे चालण्यास तीन दिवसांहून थोडा अधिक विलंब आढळला. काही अभ्यासांत असा फरक दिसला नाही, आणि दिसला तेथेही विलंब कायमचा नव्हता. तथापि, ज्या लाभाच्या आशेने वॉकर आणला जातो, तो पदरी पडत नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. बैठक शरीराचा भार पेलते, त्यामुळे तोल सांभाळण्याचा सराव होत नाही. आणि पुढील तबकामुळे मुलाला स्वतःची पावलेही दिसत नाहीत.

वॉकरऐवजी काय करावे?

उत्तम साधन म्हणजे स्वच्छ, मोकळी जमीन. सतरंजी अंथरून मुलाला अनवाणी खेळू द्यावे, आणि आवडते खेळणे हाताच्या टप्प्याच्या किंचित पलीकडे ठेवावे. पलंग किंवा जड पेटी यांच्या कडेला धरून मूल उभे राहते व आडवी पावले टाकते. चालण्याची खरी तयारी हीच होय. धरून नीट उभे राहता येऊ लागल्यावर लाकडी पांगुळगाडा द्यावा. तो जड व रुंद बुडाचा असावा. गुळगुळीत फरशीवर त्याची चाके झरकन पुढे निसटतात, म्हणून तेथे गाडा हाताने आवरून धरावा. जिन्याला अडसर लावावा. घरकामात गुंतलेल्या आईला मूल सुरक्षित ठेवायचे असेल, तर चहूबाजूंनी कठडा असलेली खेळण्याची जागा वॉकरपेक्षा केव्हाही बरी.

मूल पडेल म्हणून घाबरून जाऊ नये. अमेरिकेत 12 ते 19 महिन्यांच्या मुलांचे मोकळ्या खेळात निरीक्षण केले असता, ती तासाला सरासरी 2,368 पावले टाकतात आणि 17 वेळा पडतात, असे दिसून आले. सपाट जमिनीवरचे असे पडणे हा शिकण्याचाच भाग असतो.

शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले वर्ष उलटूनही चालत नाही, या तुलनेतून पुष्कळदा वॉकरची खरेदी होते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 मध्ये काढलेला निष्कर्ष येथे उपयोगी पडेल. स्वतंत्रपणे चालण्याचा स्वाभाविक काळ 8.2 पासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. काही निरोगी मुले तर हातागुडघ्यांवर न रांगताच चालू लागतात. मात्र नऊ महिने उलटूनही मूल आधाराविना बसत नसेल, शरीराची एकच बाजू वापरीत असेल, किंवा 18 महिन्यांनंतरही चालत नसेल, तर त्याला बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. त्याचे कारण वैद्यकीय तपासणीनेच कळेल. वॉकर हा त्यावरील उपाय नव्हे.