खांद्याच्या हाडातील कूर्चार्बुदे

'अर्बुद' हा शब्द नवा नाही. सुश्रुतसंहितेत गोल, स्थिर आणि हळूहळू वाढणाऱ्या गाठीला हेच नाव दिलेले आहे. आजच्या वैद्यकातही शरीराला गरज नसताना झालेली पेशींची वाढ, एवढाच त्याचा अर्थ. ती वाढ सौम्य असू शकते, तशी मारकही असू शकते. पण 'ट्यूमर' हा शब्द आपल्या घरांत शिरला तो कर्करोगाचा हात धरून, त्यामुळे तपासणीच्या अहवालात तो दिसला की घरात चूल पेटत नाही. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांची भाषा याबाबत अधिक समंजस म्हणावी लागेल. कन्नडमध्ये अर्बुदाला 'गड्डे' म्हणतात आणि जमिनीखालच्या कंदालाही गड्डेच म्हणतात. सगळे कंद विषारी नसतात, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

क्ष-किरण विभागात काम करताना मला असा एक कंद वारंवार भेटतो. तो खांद्याच्या हाडात मुकाट्याने बसलेला असतो, आणि त्याला शोधायला म्हणून सहसा कोणी आलेले नसते. त्याचीच ओळख विद्यार्थिमित्रांना करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कूर्चेविषयी थोडेसे. शालेय पुस्तकांत हिलाच कास्था म्हटलेले असते. कान आणि नाकाचा शेंडा यांना आकार देणारा, सांध्यांतील हाडांच्या टोकांना गुळगुळीत ठेवणारा हा लवचीक पदार्थ. त्यात पाण्याचे प्रमाण फार मोठे असते. गर्भावस्थेत आपली लांब हाडे आधी कूर्चेचीच घडतात आणि मग त्यांचे अस्थीत रूपांतर होते. जन्मानंतरही हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक चकती शिल्लक राहते. तिच्यामुळेच हाड लांबीने वाढते. दंडाचे हाड म्हणजे भुजास्थी. तिच्या लांबीची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या चकतीतून होते. पौगंडावस्था संपता संपता ही चकती मिटते. ज्या ठिकाणी कूर्चेची एवढी मोठी उलाढाल चालते, तेथे कूर्चेची अर्बुदे आढळावीत यात नवल नाही.

खांद्याजवळ आढळणाऱ्या सौम्य कूर्चार्बुदांपैकी तीन मुख्य आहेत.

पहिले एन्कॉन्ड्रोमा. ग्रीक भाषेत 'खोन्ड्रोस' म्हणजे कूर्चा आणि 'एन' म्हणजे आत. हे हाडाच्या आत, मज्जेच्या पोकळीत असते. त्याचे सर्वांत आवडते ठिकाण म्हणजे हातापायांच्या बोटांची लहान हाडे. बोटातले पातळ हाड त्यामुळे किरकोळ माराने मोडते आणि मग अर्बुदाचा पत्ता लागतो. भुजास्थी मात्र जाड असते. तेथील एन्कॉन्ड्रोमा हाड मोडत नाही, दुखत नाही, हाताला लागतही नाही.

दुसरे ऑस्टिओकॉन्ड्रोमा. हे हाडाच्या बाहेर खुंटीसारखे वाढते, त्याच्या डोक्यावर कूर्चेची टोपी असते आणि त्याचे टोक बहुधा सांध्यापासून दूर वळलेले असते. मुलाची उंची वाढायची थांबली की हेही वाढायचे थांबते. प्रौढपणी ते पुन्हा वाढू लागले, किंवा टोपीची जाडी २ सेंटीमीटरपेक्षा अधिक भरली, तर मात्र दखल घ्यावी लागते.

तिसरे कॉन्ड्रोब्लास्टोमा. हे हाडाच्या अगदी टोकाशी, वाढीच्या चकतीच्या पलीकडे होते आणि बहुधा दहा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांत दिसते. बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९३१ साली भुजास्थीच्या टोकाशी होणाऱ्या या गाठीचे वर्णन केले; १९४२ साली जॅफे आणि लिक्टेन्स्टाइन यांनी तिला आजचे नाव दिले. हे अर्बुद सौम्य असले तरी गप्प बसणारे नाही. ते दुखते, सांधा आखडवते, आणि खरवडून काढून त्या जागी हाडाचे तुकडे भरावे लागतात.

आता चित्रणाकडे वळू. राँटगेन यांनी १८९५ साली शोधलेले क्ष-किरण कॅल्शियमने अडतात. निव्वळ कूर्चा त्यांना जवळजवळ पारदर्शक असते, म्हणून साध्या फिल्मवर लहान एन्कॉन्ड्रोमा कित्येकदा दिसतच नाही. पण ही गाठ लहान लहान गोलाकार खंडांची बनलेली असते आणि कॅल्शियम प्रत्येक खंडाच्या कडेने साचते. त्यामुळे फिल्मवर बारीक कड्या आणि कोरी उमटतात, लाह्या सांडल्यासारख्या. ही खूण पटली की निदान निम्मे झाले.

एम.आर.आय.चे तंत्र निराळे. तेथे क्ष-किरण नसतात. चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे संकेत टिपले जातात. हायड्रोजन मुख्यतः पाण्यात आणि चरबीत. कूर्चा पाणीदार, म्हणून ती एका प्रकारच्या चित्रात पांढरीशुभ्र चमकते. द्राक्षांचा घड ठेवावा तशी. एखादी सूक्ष्म कडी नसली तरी घड लपत नाही. म्हणूनच एम.आर.आय. गावोगाव पोचल्यापासून या गाठी अधिक सापडू लागल्या. त्या वाढल्या नाहीत, आपली नजर वाढली. अन्य कारणांसाठी केलेल्या खांद्याच्या एम.आर.आय. तपासण्यांत शंभरांत सुमारे दोघांच्या हाडात असा घड सापडतो.

येथे खरी अडचण सुरू होते. एन्कॉन्ड्रोमाचा एक मारक भाऊबंद आहे, त्याचे नाव कॉन्ड्रोसार्कोमा. त्याचा अगदी मंद प्रकार दिसायला एन्कॉन्ड्रोमासारखाच असतो. कोणी म्हणेल, सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पण या दोहोंच्या पेशी इतक्या सारख्या असतात की अनुभवी विकृतितज्ज्ञांचेही त्यांवर एकमत होत नाही, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. शिवाय सुईने आलेला तुकडा गाठीच्या कोणत्या भागातला, हाही प्रश्न उरतोच. तेव्हा निर्णय एकट्या सूक्ष्मदर्शकावर न सोडता रोग्याची तक्रार, चित्रण आणि काळ या सर्वांच्या साक्षीने करावा लागतो.

चित्रणात आम्ही काय पाहतो? गाठीने हाडाचे कवच आतून किती पोखरले आहे ते. कवचाच्या जाडीच्या दोन तृतीयांशांहून अधिक खोल खाच असेल तर शंका घ्यावी. कवच फुटले आहे का, भोवतालच्या मांसात गाठ उतरली आहे का, पूर्वी असलेल्या कड्या पुसल्या गेल्या आहेत का, लांबी सुमारे ५ सेंटीमीटरपलीकडे गेली आहे का, हे पाहावे. रोग्याला विचारावे की दुखणे हात हलवताना होते, की रात्री स्वस्थ पडल्यावरही होते. विश्रांतीतही न थांबणारी आणि दुसऱ्या कशानेही उलगडा न होणारी वेदना ही महत्त्वाची खूण आहे.

जागाही महत्त्वाची. एकाच खांद्याच्या सांध्यात भुजास्थी आणि खांद्याचे फरे अशी दोन हाडे भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात मंद कूर्चार्बुद भुजास्थीत असेल तर त्याला 'अनियमित कूर्चार्बुद' अशा अर्थाचे मवाळ नाव आहे. तीच पेशीरचना फऱ्यात किंवा कटिरात असेल तर त्याला सरळ कॉन्ड्रोसार्कोमा म्हणतात, कारण तेथे त्याचे वर्तन अधिक वाईट असते. तसेच ज्यांच्या अनेक हाडांत एन्कॉन्ड्रोमा असतात, त्या ऑलिए यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात मारक बदलाचा धोका बराच जास्त असल्याने नियमित देखरेख लागते.

एक उदाहरण देतो. पन्नाशीच्या एका प्राथमिक शिक्षिका फळ्यावर लिहिताना उजवा खांदा दुखतो म्हणून आल्या. एम.आर.आय.त दंड उचलणारी कंडरा अर्धवट फाटलेली दिसली आणि खाली भुजास्थीत अडीच सेंटीमीटरचा पांढरा घड. अहवालातला 'ट्यूमर' हा शब्द मुलाने घरी वाचला आणि मुंबईला न्यायची तयारी सुरू झाली. मी त्यांना एवढेच विचारले, "बाई, पूर्वी कधी छातीची फिल्म काढली होती का?" दुसऱ्या दिवशी मुलगा आठ वर्षांपूर्वीची एक फिल्म घेऊन आला. छातीच्या फिल्मच्या कोपऱ्यात खांदा थोडासा येतोच. तेथे त्याच कड्या होत्या, त्याच जागी, तेवढ्याच. आम्ही नवी साधी फिल्म काढून शेजारी लावली. आठ वर्षांत गाठ तसूभरही हललेली नव्हती. दुखणे कंडरेचे होते. त्यावर उपचार झाले आणि हाडाला कोणी हात लावला नाही.

याचा अर्थ प्रत्येक गाठीकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. शंकेची खूण नसली तरी काही काळाने पुन्हा चित्रण करून तुलना करावी, आणि किती अंतराने ते अस्थिरोगतज्ज्ञाने ठरवावे. खूण असेल तर अस्थि-अर्बुदांचा अनुभव असलेल्या केंद्राकडे जाण्यात विलंब करू नये, आणि तेथे जाण्यापूर्वी घाईने सुई टोचून घेऊ नये. कारण पुढे शस्त्रक्रिया लागलीच तर सुईचा मार्गही त्यातच काढावा लागतो.

मित्रहो, हाडातल्या गाठीविषयी सर्वांत विश्वासार्ह साक्ष देणारी वस्तू बहुधा आपल्या घरातच असते. जुन्या फिल्म्स आणि अहवाल रद्दीत घालू नका. त्यांच्यावर तारीख घालून एका पिशवीत ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी बरोबर न्या. आज काढलेले चित्र गाठ आहे एवढे सांगते. ती वाढते आहे की नाही, हे कालचे चित्र शेजारी लावल्यावरच कळते.