हुलकावणी देणारे दोष

संगणक-प्रणालीतील दोषांचे दोन वर्ग जिम ग्रे यांनी आपल्या १९८५ च्या निबंधात मांडले. तीच कृती केली की हमखास प्रकटणारा तो ‘बोरबग’. शोधू जाता दडून बसणारा तो ‘हायझेनबग’.

वैद्यकातील याचे विदारक उदाहरण म्हणजे ‘थेरॅक-२५’ हे किरणोपचाराचे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रचंड अतिमात्रा मिळाली. टेक्सासमधील टायलर येथे मार्च १९८६ मध्ये एक रुग्ण भाजला. निर्मात्यांच्या अभियंत्यांना तपासणीत दोष आढळला नाही. एप्रिलमध्ये यंत्र पुन्हा सुरू झाले आणि काही दिवसांतच दुसरा रुग्ण भाजला. दोघेही पुढे दगावले. तेव्हा तेथील भौतिकतज्ज्ञाने यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञ महिलेसह तीच नोंद पुनःपुन्हा करून पाहिली. क्ष-किरणाऐवजी इलेक्ट्रॉन, ही दुरुस्ती चुंबक स्थिरावण्याच्या सुमारे आठ सेकंदांत उरकली, तरच यंत्र चुके! सावकाश टंकणाऱ्यास दोष दिसतच नसे. हायझेनबग भासलेला हा दोष, अट कळताच बोरबग ठरला.

बालरोगतज्ज्ञांस हे अपरिचित नाही. क्षणभर भान हरपणारे मूल तपासणीच्या वेळी ठणठणीत असते; अहवालही कधी निर्दोष येतो. म्हणून आईचे म्हणणे खोटे ठरत नाही. तीन मिनिटे जोराने श्वासोच्छ्वास करावयास लावला की ‘अ‍ॅब्सेन्स’ झटका बहुधा समोरच येतो.

आधीच्या थेरॅक-२० मध्येही हाच दोष होता. तेथे मात्र स्वतंत्र सुरक्षा-मंडलामुळे फ्यूज उडे, आणि रुग्ण वाचे.