फोनला नाव ठेवलं की पोरगं का पेटतं?

आईबाबांनो, अकोल्यात किंवा अमरावतीत अकरावी-बारावीच्या एखाद्या क्लासबाहेर संध्याकाळी पाच मिनिटं थांबा. अभ्यासावरून तिथे सहसा भांडण होत नाही, फोनवरून होतं. "काऊन रे, तुह्या फोनमंधी रातचे फोटो तं काळेच येतात," एवढं एकजण म्हणतो आणि दुसऱ्याचे कान लाल होतात. त्याचा फोन मोठ्या भावाने वापरून दिलेला. कोपऱ्यात तडा गेलाय, वरची काच सुटत आलीये आणि तिच्याखाली धूळ शिरलीये. तरी तो घाईघाईने चुलतभावाच्या लग्नाच्या वरातीचा फोटो शोधतो, बोटांनी मोठा करतो आणि मंडपावरचा एकेक दिवा दाखवत म्हणतो, "पाह्य, पाह्य आता!" ज्या कंपनीसाठी तो एवढा लढतो, तिला तो या जगात आहे हेही ठाऊक नाही.

घरी आल्यावर आपण काय म्हणतो? "त्या डबड्यात एवढं काय आहे?" मग ताट सरकवलं जातं, दार आपटतं. पोरगं हट्टी झालं, मोबाईलने बिघडलं, असं आपण म्हणून मोकळे होतो. मला हे निदान चुकीचं वाटतं. तो फोनची बाजू घेतच नाही. तो स्वतःची बाजू घेतो.

1956 मध्ये अमेरिकेत जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने महिलांना घरगुती वापराच्या काही वस्तू दाखवल्या आणि प्रत्येकीला त्यांची पसंती विचारली. मग दोन वस्तूंपैकी एक निवडून घ्यायला सांगितली. निवड झाल्यावर पुन्हा विचारलं, तर घेतलेली वस्तू आधीपेक्षा चांगली वाटू लागली होती आणि सोडलेली आधीपेक्षा वाईट. वस्तू त्याच होत्या. आपण निवडलं म्हणजे बरोबरच निवडलं, असं मनाला स्वतःला पटवावं लागतं. जिथे बापाने पीककर्जातून उरलेल्या पैशांत फोन घेऊन दिलाय, तिथे ही गरज किती मोठी असेल, याचा विचार करा. फोन वाईट निघाला, तर बापाचे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. ते ओझं पोरगं कोणाला सांगत नाही.

दुसरी गोष्ट सोबत्यांची. 1970 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांचे गट पाडले. मुलांना सांगितलं, की तुम्हाला आवडलेल्या चित्रांवरून हे गट केलेत. खरं तर ते कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हे ठाऊक नाही, गटांमध्ये जुनं वैर नाही, स्वतःला पैसे देता येणार नाहीत. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्या गटाला चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळायला हवेत, इथवर त्यांची मजल गेली. हे वय लक्षात ठेवा. आपली अकोट, दर्यापूर, तेल्हाऱ्याहून शहरात खोली करून राहणारी मुलं जवळपास याच वयाची आहेत. गाव सुटलेलं, नवे मित्र अजून पक्के झालेले नाहीत. अशा वेळी 'आपल्या फोनवाले' हाही एक आधार होतो आणि जाहिरातवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आणि आपण मोठे? ज्यांनी बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावला, ते आजोबा आजही त्या स्कूटरबद्दल वावगा शब्द ऐकून घेत नाहीत. मे 2024 मध्ये अकोला जिल्ह्यात कपाशीच्या ठरावीक वाणासाठी कृषी केंद्रांपुढे भर उन्हात लांबच लांब रांगा लागल्या. एकाच वाणाचा आग्रह धरू नका, असं कृषी विभाग सांगत असतो, पण रांग हटत नाही. त्या रांगेतल्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. एक हंगाम हातचा गेला, तर कर्ज दुसऱ्या वर्षावर जातं. मागच्या साली ज्या वाणाने साथ दिली, त्याला तो सोडणार कसा? त्याचा आग्रह भीतीतून आलेला आहे. मला एवढंच म्हणायचंय, की पोराचा आग्रहही तसाच समजून घ्या.

म्हणून फोनला शिव्या घालू नका. "याच्यातलं तुला काय आवडतं?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. थोड्या वेळाने विचारा, "आणि काय नाही आवडत?" हल्ला होत नाहीये हे कळलं, की मुलं स्वतःच बॅटरी उतरते, फोन तापतो, हे सांगू लागतात. शेजाऱ्याच्या पोराच्या महागड्या फोनचं कौतुक त्याच्यासमोर करू नका. ते फार खोल लागतं. आपल्या गाडीतली, टीव्हीतली खोडही घरात मोकळेपणी बोला. वस्तूत खोट निघाली म्हणून घेणारा खोटा ठरत नाही, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

आणि ज्यांचं वावर आहे, त्यांना एक विनंती. येत्या पेरणीला पोराला कृषी केंद्रात सोबत न्या. आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी चार तास (ओळी) दुसऱ्या वाणाचे लावा, खत-पाणी सारखंच द्या, आणि वेचणीला दोन्हींचा कापूस वेगळा मोजायचं काम त्याच्याकडे सोपवा. वजन काहीही भरो, वहीत त्यालाच लिहू द्या.