जुन्या घाटाचा हलका स्नीकर : गुण, दोष आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकावी लागते. मलमल हलकी असते, कारण तिचे सूत बारीक असते. मांजरपाट जड असतो, कारण त्याचे सूत जाड असते. हलकेपणा फुकट मिळत नाही, कोठेतरी काहीतरी कमी करावे लागते. म्हणून मलमल विकणारा दुकानदार ती सतरंजीइतकी टिकेल असे गिऱ्हाइकाला सांगत नाही. आज बाजारात जुन्या घाटाच्या हलक्या स्नीकर बुटांना चांगली मागणी आहे. आमचे काही वाचक बुटांचे दुकान चालवतात, तर काही स्वतः बूट बनवतात. म्हणून कापडाचा हा नियम बुटाला लावून पाहू.

उदाहरणासाठी आपण जपानच्या ओनित्सुका टायगर या नावाचा ‘मेक्सिको ६६’ हा बूट घेऊ. या जातीचा हा सर्वांत परिचित नमुना आहे आणि त्याच्यासारखा दिसणारा माल गल्लोगल्ली विकला जातो.

हा बूट आला कोठून?

किहाचिरो ओनित्सुका यांनी १९४९ साली कोबे शहरात खेळाच्या बुटांचा धंदा सुरू केला. महायुद्ध संपून चारच वर्षे झाली होती. सुरुवातीला त्यांनी बास्केटबॉलचे बूट हाती घेतले. धावता धावता एकदम थांबताना खेळाडूचा पाय घसरतो, ही खरी अडचण होती. ऑक्टोपसच्या पायावरील चिकटणाऱ्या वाट्या पाहून त्यांना तळाला तशाच खोलगट वाट्या पाडण्याची कल्पना सुचली. बाजूचे एकमेकांना छेदणारे पट्टे १९६६ साली, म्हणजे मेक्सिको ऑलिंपिकच्या दोन वर्षे आधी आले. १९७७ साली ही कंपनी इतर दोन कंपन्यांबरोबर एकत्र येऊन ‘असिक्स’ झाली आणि टायगर हे नाव मागे पडले. २००२ साली ते पुन्हा बाजारात आणले गेले. पुढच्याच वर्षी ‘किल बिल’ या चित्रपटात नायिकेच्या पायात पिवळे टायगर बूट दिसले आणि ते जगभर गाजले.

या हकिकतीतून व्यापाऱ्याने एक मुद्दा लक्षात ठेवावा. १९६६ साली हा घाट खेळाडूंसाठी होता, कारण त्या काळी खेळाचे बूट पातळ तळाचेच असत. आज पळण्याच्या बुटाला जाड फोमचा तळ असतो. म्हणून घाट तोच राहिला, पण त्याचे काम बदलले. आज तो फिरण्याचा, प्रवासाचा आणि रोजच्या हलक्या वापराचा बूट आहे.

फायदे

पहिला फायदा वजनाचा. तळ पातळ, टाच सपाट, आत गादी थोडीच, त्यामुळे पायाला ओझे वाटत नाही. प्रवासाच्या पिशवीत जागा कमी लागते.

दुसरा, तळ सहज वाकतो. नव्या जाड बुटासारखा तो पायाला बसायला आठवडे लागत नाहीत. पाय जमिनीजवळ राहत असल्याने मोटार चालवताना पॅडलचा अंदाज चांगला येतो.

तिसरा फायदा दुकानदाराचा आहे. जो घाट साठ वर्षांपूर्वीचा आहे, तो पुढच्या ईदपर्यंत जुना होण्याची भीती कमी. अगदी नव्या फॅशनचा माल हंगाम संपताच पडून राहतो आणि भांडवल अडकते. जुन्या घाटाचा पांढरा किंवा काळा बूट पँटवर चालतो, जीन्सवर चालतो, तरुण घेतो आणि पन्नाशीचा माणूसही घेतो.

चौथा, रबरी तळाचा. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिला तर आतून कुजतो आणि पायात घालताच त्याचे तुकडे पडतात. कोकणात आणि मुंबईत गोदाम असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रबराचा तळ असा भुगा होत नाही.

तोटे

तळ पातळ म्हणजे जमिनीचा धक्का सरळ टाचेला. दिवसभर यंत्रमागापुढे उभा राहणारा कामगार, गल्ल्यापाशी उभा दुकानदार, फिरता विक्रेता यांच्यासाठी हा बूट नाही. तळपायाच्या कमानीला आधार कमी मिळतो, म्हणून ज्यांची टाच आधीच दुखते त्यांना त्रास वाढू शकतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तर पातळ तळाचा बूट देऊच नये. खडा टोचला तरी त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते.

दुसरा तोटा रुंदीचा. ‘मेक्सिको ६६’चा फर्मा अरुंद आहे. लहानपणापासून चप्पल घालणाऱ्या आपल्या लोकांचा पंजा बरेचदा रुंद असतो. लांबीचे माप बरोबर असूनही करंगळी दाबली जाते. अशा वेळी गिऱ्हाइकाला एक माप मोठे देऊन वाटेला लावणे हा उपाय नव्हे, कारण मग टाच सैल पडते.

तिसरा, पावसाचा. स्वेडचे तुकडे आणि पातळ चामडे पाण्यात खराब होते. तळाची नक्षी झिजली की ओल्या फरशीवर पाय घसरतो.

चौथा, टाचेचा. दिवसातून पाच वेळा वुजूसाठी आणि मशिदीच्या दारात बूट काढणारा माणूस प्रत्येक वेळी नाडी सोडत बसत नाही. तो टाच दाबून पाय घालतो आणि मऊ टाच दोन महिन्यांत मोडते. अशा गिऱ्हाइकाला बिननाडीचा प्रकार दाखवावा, किंवा बुटाबरोबर एक शूहॉर्न द्यावा.

माल घेताना काय तपासावे

बूट हातात घेऊन पुढून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर तळात जीव नाही. वाकवलेल्या स्थितीत तळ आणि अप्पर यांच्या जोडावर नजर फिरवा. फट दिसली तर सोल्यूशन नीट लागलेले नाही. दोन्ही बूट सपाट काचेवर शेजारी ठेवून टाचेची उंची व शिलाईची रेघ जुळते का ते पाहा. सुखतळी उचलून आतली शिलाई बघा, घाईचे काम तेथेच लपवलेले असते.

कापडी अप्पर असेल तर आमच्या धंद्यातील कसोटी लावा. कॅनव्हास उजेडासमोर धरा. ताण्या-बाण्यातून उजेड आरपार येत असेल तर विणकाम विरळ आहे. दुहेरी पिळाचे सूत एकेरीपेक्षा जास्त टिकते. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का पाहा. रंग सुटला तर पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाचे मोजे रंगतील आणि ते तुमच्या दारात उभे राहील.

चामड्याच्या अस्तराची चौकशी आपले गिऱ्हाईक करतेच. बुटांच्या जागतिक व्यापारात डुकराच्या कातड्याचे अस्तर वापरले जाते. त्याच्या केसांची छिद्रे तीन-तीनच्या झुबक्यात दिसतात, पण कातडे घासलेले किंवा रंगाचा थर दिलेले असेल तर डोळ्यांना कळत नाही. म्हणून माल देणाऱ्याकडून लेखी घ्यावे आणि लेखी नसेल तर अंदाजाने काहीही सांगू नये.

नक्कल आणि कारागीर

हुबेहूब पट्टे आणि नाव छापलेला स्वस्त माल अनेकांना मोहात पाडतो. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याप्रमाणे खोट्या मार्काचा माल बनवणेच नव्हे, तो विकणेही गुन्हा आहे आणि त्यात कैदेची शिक्षा आहे. एका खेपेच्या नफ्यासाठी दुकान आणि नाव दोन्ही पणाला लागतात.

कारागिराला नकलेची गरजही नाही. सपाट तळ, पातळ अप्पर आणि नाडी हा घाट कोणा एकाच्या मालकीचा नाही. मार्क आणि पट्टे मात्र मालकीचे आहेत. आपल्या लोकांच्या पंजाला बसेल असा रुंद फर्मा घ्या, आत थोडी जाड सुखतळी घाला, टाचेला कडक पुठ्ठा द्या आणि वर आपले स्वतःचे नाव टाका. परदेशी बुटाचे जे तोटे वर सांगितले, तीच येथल्या कारागिराची संधी आहे. ओनित्सुकांनीही सुरुवात खेळाडूची अडचण ओळखूनच केली होती.

शेवटी हिशेब एवढाच. हलका बूट वाईट नाही आणि तो सर्वांसाठीही नाही. गिऱ्हाईक दुकानात आले की भाव सांगण्याआधी विचारा, “दिवसभर उभे राहायचे आहे की थोडे फिरायचे?” उत्तर ऐकून कधी कधी हातातला माल बाजूला ठेवून दुसरा दाखवावा लागेल आणि त्या दिवशीची एक विक्री जाईल. पण ज्याला आपण न शोभणारा बूट विकला नाही, तो माणूस पुढच्या वेळी मुलांचे बूट घ्यायला आपल्याकडेच येतो. कापडाच्या बाजारात आम्ही हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत आणि बुटाचा बाजार काही निराळा नाही.